खरवडण्यापूर्वी थांबा! सोड्याच्या जुन्या यंत्रांची रंगकथा

रेल्वे स्टेशनवरचे वजनाचे यंत्र तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. लाल-पिवळे दिवे लुकलुकायचे, काचेआड रंगीत चकती गरगर फिरायची. पायरीवर चढायचे, चकती थांबेपर्यंत वाट पाहायची, फटीत नाणे टाकायचे, की 'खट्' असा आवाज होऊन जाड पुठ्ठ्याचे चिमुकले तिकीट बाहेर यायचे. एका बाजूला वजन आणि भविष्याची एक ओळ, दुसऱ्या बाजूला एखाद्या सिनेनटाचे चित्र. वजन बरोबर की चूक, याची कुणाला फारशी फिकीर नसे. पोरांना मौज वाटे ती ही, की नाणे टाकल्यावर एवढे मोठे यंत्र आपले ऐकते!

अमेरिकेत याच प्रकारचे एक यंत्र साठ-सत्तर वर्षांपूर्वी पेट्रोल पंपावर, गॅरेजात, कारखान्याच्या दाराशी उभे असे. ते वजन सांगत नसे, थंड पेयाची बाटली देत असे. तिकडे गोड फसफसणाऱ्या पेयाला 'सोडा' म्हणतात. आपल्या गोटी सोड्याशी त्याचे नाते फसफसण्यापुरतेच. ही जुनी यंत्रे आज भंगारातून, गोठ्यातून, जुन्या गॅरेजातून शोधून काढायची, दुरुस्त करायची आणि त्यांच्यावर चढलेले रंगांचे थर उतरवून मूळ रंग शोधायचा, हा तिकडे हजारो लोकांचा छंद आणि काहींचा चांगला व्यवसाय झाला आहे. २०१० मध्ये 'अमेरिकन रिस्टोरेशन' नावाचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला. लास व्हेगास शहरातल्या अशाच एका दुरुस्तीच्या कारखान्यावर तो आधारलेला होता.

असे यंत्र तुमच्या-आमच्या घरात नाही आणि कधी येईल असेही नाही. मग त्याची माहिती कशाला? कारण जुन्या वस्तूला हात लावताना आपण काय राखतो आणि काय कायमचे पुसून टाकतो, हा प्रश्न तिकडच्या लाल पेटीपुरता नाही. आपल्या माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेलाही तो लागू पडतो. शिवाय या कामात मुलाबाळांच्या आरोग्याचाही संबंध येतो. म्हणून ही गोष्ट मुळापासून पाहू.

सुरुवात देवळातल्या पाण्यापासून

'नाणे टाका, वस्तू घ्या' ही कल्पना अलीकडची नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात हेरॉन नावाचा ग्रीक यंत्रज्ञ होऊन गेला. देवळाच्या दारात ठेवण्याच्या एका यंत्राचे वर्णन त्याने आपल्या ग्रंथात केले आहे. पाच द्राख्माचे नाणे टाकले, की ते आतल्या तरफेच्या टोकावरील तबकडीत पडे. त्या भाराने तरफ झुके, झडप उघडे आणि थोडेसे पाणी बाहेर येई. नाणे घसरून खाली पडले, की तरफ पूर्ववत होई आणि पाणी बंद. फुकट मिळणाऱ्या पाण्याला किंमत लावणारे यंत्र माणसाने दोन हजार वर्षांपूर्वीच योजून ठेवले होते!

आता अमेरिकेत येऊ. १८८६ मध्ये अटलांटा शहरातल्या औषधाच्या दुकानात कोकाकोला पहिल्यांदा विकला गेला. एका ग्लासची किंमत पाच सेंट. १८९९ मध्ये तो बाटलीत भरून विकण्याचे हक्क दिले गेले आणि पेय दुकानाच्या बाकड्यावरून उठून रस्त्यावर आले. बाटल्या थंड ठेवायला दुकानदार बर्फाच्या पेट्या वापरीत. १९२९ मध्ये इंडियाना राज्यातल्या मन्सी गावच्या ग्लासकॉक कंपनीने कोकाकोलासाठी एकाच नमुन्याच्या बर्फपेट्या बनवायला घेतल्या. गिऱ्हाइकाने बर्फाच्या पाण्यातून बाटली काढायची आणि पैसे दुकानदाराच्या हातात द्यायचे, असा मामला होता.

दुकानदाराची नजर चुकली तर? त्यावर उपाय म्हणून १९३७ मध्ये मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटी शहरात 'व्हेंडो' ही कंपनी निघाली. तिने बर्फपेटीवर बसणारे एक झाकण तयार केले. नाणे टाकल्याशिवाय ते बाटली काढू देत नसे. पुढे विजेवर चालणारी, माणसाच्या उंचीची उभी यंत्रे आली. व्हेंडो, टेनेसी राज्यातल्या चॅटानूगाची कॅव्हेलियर, जेकब्ज, व्हेंडोलेटर अशा कंपन्यांनी ती बनवली. जेकब्जच्या एका यंत्राचा माथा गोलाकार, टपालपेटीसारखा. म्हणून छंदी मंडळी त्याला 'मेलबॉक्स' म्हणतात. व्हेंडोच्या यंत्रांची नावे मात्र रुक्ष आहेत. व्ही-३९, व्ही-४४, व्ही-८१. हा आकडा म्हणजे यंत्रातून विकता येणाऱ्या बाटल्यांची संख्या. व्ही-४४ तर जेमतेम सोळा इंच रुंद. अरुंद जागेत मावावे म्हणून केलेले हे सडपातळ यंत्र आज संग्राहकांचे सर्वांत लाडके आहे.

यंत्राची रचना समजायला अवघड नाही. खाली कॉम्प्रेसर, वर बाटल्यांची मांडणी, दारात नाण्याची यंत्रणा. नाणे उतरणीवरून घरंगळत जाते. ते आकाराने लहान असेल तर वाटेतच खाली गळते. वाटेत लोहचुंबक असतो. कुणी नाण्याऐवजी लोखंडी चकती टाकली तर ती तिथेच चिकटते. खरे नाणे पुढे जाऊन खिट्टी सोडवते. मग काही यंत्रांत दांडी फिरवायची, तर काहींत छोटे दार उघडून बाटली ओढून घ्यायची. बूच उघडायची सोय यंत्राच्या अंगावरच असे.

एका नाण्याचे राज्य

ही भक्कम यंत्रे भंगारात का गेली? ती बिघडली म्हणून नव्हे. त्यांना भंगारात घालवले ते किमतीने आणि बाटलीच्या मापाने.

कोकाकोलाच्या साडेसहा औंसांच्या, म्हणजे सुमारे १९० मिलिलिटरच्या बाटलीची किंमत कित्येक दशके पाच सेंटच राहिली. दोन महायुद्धे झाली, जगभर मंदी आली, साखर महागली, तरी पाच सेंट! याला जी कारणे होती त्यांत एक कारण हे यंत्र होते. बहुसंख्य यंत्रे पाच सेंटचे एकच नाणे ओळखत. सहा सेंट घ्यायचे तर दोन प्रकारची नाणी ओळखणारी यंत्रणा हवी. दहा सेंटचे नाणे घ्यायचे तर किंमत एकदम दुप्पट होते. या पेचातून सुटण्यासाठी कंपनीचे प्रमुख रॉबर्ट वुड्रफ यांनी १९५३ मध्ये अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्याकडे चक्क साडेसात सेंटचे नवे नाणे पाडण्याची मागणी केली. सरकारने ती मानली नाही. एका पेयासाठी देशाचे चलन बदलायला निघालेली ही मंडळी! अखेर १९५९ पर्यंत पाच सेंटची बाटली सगळीकडून दिसेनाशी झाली.

त्याआधी १९५५ मध्ये कंपनीने मोठ्या मापाच्या बाटल्या बाजारात आणल्या होत्या. त्या जुन्या यंत्रांच्या खाचेत बसत नव्हत्या. १९६० पासून पत्र्याचे डबे आले. बघता बघता धडधाकट यंत्रे निरुपयोगी ठरली. काही मोडीत गेली, तर काही कुणाच्या गॅरेजात खिळे ठेवायचे कपाट बनली.

थरावर थर

रंगाची गोष्ट इथे सुरू होते. कारखान्यातून यंत्र बाहेर पडे तेव्हा त्याच्या पोलादी पत्र्यावर आधी प्रायमर आणि मग भट्टीत भाजून पक्के केलेले एनॅमल असे. रंग बहुतेक लाल. पत्र्यावर ठोकून उठवलेली अक्षरे पांढऱ्या रंगाने भरलेली. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात खाली लाल आणि वर पांढरा असे दुरंगी यंत्र आले.

यंत्र बहुधा दुकानदाराच्या नव्हे, तर त्या भागातल्या बाटली भरणाऱ्या कंपनीच्या ताब्यात असे. पाच-सात वर्षांनी ती कंपनी यंत्र परत नेई, डेंटिंग करी, त्यावर रंगाचा नवा हात देई आणि त्या काळच्या जाहिरातीप्रमाणे नवी अक्षरे टाकी. हा दुसरा थर. पुढे यंत्र विकले गेले, की नवा मालक हाताला लागेल त्या डब्यातला रंग ब्रशाने फासून टाकी. भिंतीचा उरलेला हिरवा, दाराचा तपकिरी, जो असेल तो. तिसरा, चौथा, पाचवा थर! झाडाच्या बुंध्यातली वर्तुळे मोजून वय सांगतात, तसे जाणकार माणूस हे थर पाहून यंत्राची वाटचाल सांगतो. कुठल्या थरावर गंज आहे, कुठल्या थराखाली खोक आहे, यावरून यंत्र उघड्यावर होते की आडोशाला, तेही कळते.

मूळ रंग नेमका कसा होता हे पाहायचे असेल तर जाणकार यंत्राचा दर्शनी भाग पाहत नाही. तिथला लाल रंग उन्हाने विटून नारिंगी पडलेला असतो. तो बिजागरीची पट्टी सोडवतो, नाण्याच्या फटीची धातूची चौकट काढतो, दाराच्या रबराखाली पाहतो. ज्या जागी ऊन, हात आणि ब्रश कधी पोहोचले नाहीत, तिथे कारखान्यातला रंग जसाच्या तसा सापडतो.

नवा रंग की जुना?

या छंदात दोन पंथ आहेत. एका पंथाचे म्हणणे असे, की सगळा रंग उतरवून पत्रा उघडा करा, खड्डे भरा आणि मोटारीसारखा चकचकीत लाल रंग मारा. यंत्र कारखान्यातून आजच आल्यासारखे दिसले पाहिजे. अशी यंत्रे दिवाणखान्यात शोभतात आणि हजारो डॉलरला विकली जातात.

दुसरा पंथ म्हणतो, मूळ रंग थोडा जरी शिल्लक असेल तरी तो वाचवा. ओरखडे, पोचे, फिकटपणा राहू द्या. चकचकीत रंग कोणत्याही दिवशी मारता येतो, पण कारखान्यातला मूळ रंग एकदा घासून टाकला की जगातला कोणताही कारागीर तो परत आणू शकत नाही.

आपल्याकडे म्हण आहे, 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.' नव्याने रंगवलेल्या यंत्रावर चुकीच्या काळातली अक्षरे, चुकीच्या छटेचा लाल, मुळात नसलेली पांढरी पट्टी सर्रास दिसते. पाहणाऱ्याला वाटते, १९५० साली असेच होते. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दल १९६४ मध्ये व्हेनिस येथे एक सनद तयार झाली. जिथे पुरावा संपून अंदाज सुरू होतो, तिथे जीर्णोद्धाराने थांबले पाहिजे, असे तत्त्व तिने घालून दिले. ती सनद राजवाडे आणि स्मारके यांच्यासाठी होती. पण पेट्रोल पंपावरच्या पेटीलाही हे तत्त्व लावायला काय हरकत आहे? सामान्य माणसांच्या हातांनी वापरलेल्या वस्तूंचा इतिहासही इतिहासच असतो.

अर्थात, पत्रा गंजून चाळणी झाला असेल, मूळ रंग नावालाही उरला नसेल, तर नवा रंग देण्यात काही वावगे नाही. आधी तपासा आणि मग ठरवा, एवढेच सांगणे आहे.

जुना रंग उघडा कसा करतात?

या कामाचे सारे रहस्य एका साध्या गोष्टीत आहे. भट्टीत भाजलेले एनॅमल कठीण असते. ते द्रावकाला सहजासहजी दाद देत नाही. वरून ब्रशाने फासलेला घरगुती रंग त्या मानाने कच्चा असतो आणि लवकर मऊ पडतो. दोघांच्या टिकाऊपणातला हा फरक कारागीर कामाला लावतो.

पहिली पायरी धुण्याची. साबणाच्या कोमट पाण्याने तेलकट थर, धूळ, जाळी जळमटे काढायची. पुष्कळदा जो 'काळा रंग' वाटतो तो मळच निघतो!

दुसरी पायरी चाचणीची. दाराच्या आतल्या कडेला किंवा मागच्या बाजूला रुपयाएवढी जागा निवडायची. तिथे बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल गोल फिरवायचा. मध्यभागी जास्त घासायचे, कडेला कमी. म्हणजे बशीसारखा खड्डा तयार होतो आणि एकेका थराची कडी दिसू लागते. बाहेरची हिरवी, आतली तपकिरी, तिच्या आत लाल, मग प्रायमर, मध्ये पत्रा. जुन्या चित्रांवर आणि भिंतींवर काम करणारे तज्ज्ञही अशीच छोटी 'खिडकी' उघडून थर वाचतात. या खिडकीचा फोटो काढून ठेवायचा.

तिसरी पायरी द्रावकाची. सौम्य द्रावकापासून सुरुवात करायची. कापसाच्या बोळ्याने थोडेसे लावायचे, अर्धा-एक मिनिट थांबायचे, पुसून पाहायचे. बोळ्यावर वरचा रंग आला तर ठीक. लाल येऊ लागला तर लगेच थांबायचे, कारण द्रावक मूळ रंगाला खाऊ लागलेला असतो. तळहाताएवढी जागा संपवायची आणि मगच पुढे सरकायचे. एका दारासाठी कित्येक दिवस लागतात. अति घाई संकटात नेई, हे रस्त्यावरचे वाक्य इथेही लागू आहे.

चौथी पायरी खरवडण्याची. मऊ पडलेला थर प्लास्टिकच्या पट्टीने, अंग चोरून, पत्र्याला जवळजवळ समांतर धरून काढायचा. लोखंडी पट्टी आणि तारेचा ब्रश इथे शत्रू समजायचे. उठावाच्या अक्षरांच्या कडांवर सर्वांत जास्त जपायचे. तिथला रंग आधीच झिजलेला असतो.

शेवटी उघड्या झालेल्या रंगावरून मऊ फडक्याने मेणाचा पातळ हात द्यायचा. विटलेल्या लालमध्ये जीव आल्यासारखा वाटतो. जिथे रंग उडून पत्रा दिसतो तिथला गंज थांबवायचा आणि ती जागा तशीच ठेवायची.

जिवावर बेतू नये म्हणून

आता सर्वांत महत्त्वाचे. जुन्या रंगांत शिसे असे. लाल, नारिंगी, पिवळ्या रंगद्रव्यांत तर हमखास शंका घ्यावी. हा रंग कोरडाच घासला तर शिशाची धूळ उडते. ती जमिनीवर बसते, रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते आणि हातावरून तोंडात जाते. शिशाचा परिणाम मुलांच्या मेंदूवर होतो. अभ्यास, लक्ष आणि वागणूक यांवर तो कायमचा उमटतो. रक्तातल्या शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणून ओळखले गेलेले नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या आपल्या घरातल्या खिडक्या, पाळणे, ट्रंका यांबाबतही सावध राहिले पाहिजे.

म्हणून जुना रंग कोरडा घासू नये, ज्योतीने किंवा गरम हवेच्या यंत्राने जाळू नये. काम ओले ठेवावे, घराबाहेर करावे, खाली प्लास्टिक अंथरावे, धूळ अडवणारा चांगला मास्क लावावा, कामाचे कपडे वेगळे धुवावेत. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना त्या जागी येऊ देऊ नये.

रंग झटपट उतरवणारी रसायनेही घातक असू शकतात. मिथिलीन क्लोराइड असलेल्या द्रावकाच्या वाफेने बंद खोलीत काम करणारी माणसे मेली आहेत. अमेरिकेत २०१९ मध्ये अशा रंगकाढ्याची सर्वसामान्य ग्राहकाला विक्री बंद करण्यात आली.

यंत्राच्या पोटातही धोका आहे. जुन्या शीतयंत्रांत आर-१२ हा वायू असतो. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ मध्ये झालेल्या माँट्रियल करारानुसार त्याचे उत्पादन थांबवले गेले. आणखी जुन्या यंत्रांत सल्फर डायॉक्साइडसारखा घसा कोंडणारा वायूही सापडतो. नळी कापून तो हवेत सोडू नये. ते काम प्रशिक्षित मेकॅनिककडेच द्यावे. वायरींवरचे रबर हाताने चुरगळते. अर्थिंगची सोय मुळात नसते. नवी वायर आणि अर्थिंग घातल्याशिवाय बटण दाबू नये. अमेरिकन यंत्र १२० व्होल्टचे आणि आपल्याकडची वीज २३० व्होल्टची, हेही विसरू नये.

रंग काय सांगतो, काय सांगत नाही?

ही लाल यंत्रे आज 'ते सोन्याचे दिवस' म्हणून मिरवली जातात. पण ते दिवस कुणासाठी सोन्याचे होते? ज्या वर्षांत व्ही-४४ कॅन्सस सिटीतून गाड्या भरभरून बाहेर पडत होते, त्याच वर्षांतली एक घटना पाहा.

१९ ऑगस्ट १९५८. ओक्लाहोमा सिटी शहरात कॅट्झ नावाचे औषधांचे मोठे दुकान होते. तिथे कृष्णवर्णीयांनी वस्तू विकत घ्यायला बंदी नव्हती, पण खाण्यापिण्याच्या काउंटरवर बसायला होती. त्या दिवशी क्लारा लूपर या शिक्षिका १३ मुलांना घेऊन आत गेल्या. मुले सहा ते सतरा वर्षांची. ती काउंटरवर जाऊन बसली आणि त्यांनी कोकाकोला मागितला. कुणी तो दिला नाही. लोकांनी शिव्या दिल्या, धमकावले. मुले जागची हलली नाहीत, हातही उगारला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. काही दिवसांतच कॅट्झ कंपनीने माघार घेतली आणि इतर राज्यांतल्या आपल्या दुकानांतले काउंटरही सर्वांना खुले केले. या कंपनीचे मुख्य कार्यालय कुठे होते? त्याच कॅन्सस सिटीत!

चवदार तळ्याचे पाणी १९२७ मध्ये ओंजळीत घेतलेल्या समाजाला या १३ मुलांच्या मागणीचा अर्थ वेगळा सांगायला नको. प्रश्न तहानेचा नव्हता आणि पाच सेंटचाही नव्हता.

१ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ दुकानाच्या काउंटरवर बसले आणि हे आंदोलन दक्षिणेतल्या शहराशहरांत पसरले. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायद्यावर सही झाली. भेदभाव जिथे चालणार नाही अशा जागांची यादी त्या कायद्यात आहे. तीत उपाहारगृहांच्या जोडीने 'सोडा फाउंटन' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. ग्रीन्सबरोच्या त्या जुन्या दुकानात २०१० पासून नागरी हक्कांचे संग्रहालय आहे. तिथे कोकाकोलाचे एक दुतोंडी यंत्र मांडलेले आहे. एक बाजू गोऱ्यांसाठी, दुसरी कृष्णवर्णीयांसाठी. नाण्याला रंग नसतो, हे यंत्राला ठाऊक असेल, पण यंत्र बसवणाऱ्याला ठाऊक नव्हते.

आता विचार करा, असे एखादे यंत्र कुणाच्या गॅरेजात सापडले आणि त्याने हौसेने सगळा रंग उतरवून त्याला चकचकीत लाल करून टाकले तर? त्यावर 'गोऱ्यांसाठी' असे काही लिहिलेले असेल तर तेही रंगाबरोबर घासले जाईल. दिवाणखान्याला शोभा येईल आणि एक साक्षीदार गप्प होईल.

उलट प्रकारही घडतो. वर्णभेदाच्या काळातल्या पाट्यांना संग्राहकांत मागणी आहे, म्हणून नव्या पाट्या बनवून, त्यांना मुद्दाम गंज चढवून 'जुन्या' म्हणून विकणारेही आहेत. मग खरे-खोटे ओळखायचे कसे? इथेही रंगाचे थरच कामी येतात. अक्षरे जुन्या ओरखड्यांवरून गेली असतील, स्क्रूच्या डोक्यावरही रंग असेल, छिद्राची कड झिजलेली पण भोवतीचा रंग ताजा असेल, तर समजावे की लिखाण मागाहूनचे आहे. पुरावा जपला तर खोटे सांगणाराही पकडला जातो. म्हणून खरवडण्यापूर्वी थांबणे हे नुसते छंदिष्टांचे चोचले नाहीत.

आपल्या घरातली ट्रंक

गिरणीत, रेल्वेत, लष्करात नोकरीला गेलेल्या कुणा वडीलधाऱ्याची लोखंडी ट्रंक अजूनही कित्येक घरांत माळ्यावर असते. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, गाव, कधी नंबर लिहिलेला असतो. घर रंगवायला काढले, की कुणीतरी म्हणते, "ट्रंकेवरही एक हात फिरवून घ्या." रंगारी पॉलिश पेपर मारतो आणि दहा मिनिटांत ते नाव नाहीसे होते.

या वेळी तसे होऊ देऊ नका. आधी ओल्या फडक्याने ट्रंक पुसा. नाव दिसते का पाहा. वरून कुणी रंग फासला असेल तर उजेड तिरपा पडेल अशी धरा. खालच्या अक्षरांचा उठाव बहुधा दिसतो. फोटो काढून ठेवा. पोपडे सुटत असतील तर ट्रंक मुलांच्या हाताबाहेर ठेवा, कोरडी घासू नका. बाहेरून गंजली असेल तर गंजलेल्या जागेपुरताच उपाय करा. आणि रंगवायचीच असेल तर तीन बाजू रंगवा, झाकण राहू द्या.

घरात आजी असेल तर ती ट्रंक तिच्यासमोर खाली उतरवा. झाकणावरच्या अक्षरांमागची हकीगत तिच्या तोंडून ऐकून घ्या आणि मुलांना शेजारी बसवा. रंगाचा डबा दुसऱ्या दिवशीही उघडता येईल.